आठवड्यातून एकदा रांजण कोरडा : घर, गोठा आणि वस्तीवरचे डास कसे रोखायचे?

नेवासा : पावसाळा लागला की गावोगावी एकच मागणी सुरू होते, "धुराची गाडी फिरवा." गाडी फिरते, धूर होतो, दोन दिवस बरं वाटतं आणि आठवड्याभरात डास पुन्हा हजर. लोक म्हणतात, औषधात दम नाही. खरं कारण वेगळं आहे. धुरानं मरतो तो उडणारा डास. पाण्यात वळवळणाऱ्या अळीला धुराचा काहीच त्रास होत नाही. ती आठवड्यात डास होऊन बाहेर पडते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा डास गटारीत सहसा वाढत नाही. तो वाढतो रांजणात, टिपाडात, जनावरांच्या हौदात, कूलरच्या टाकीत. म्हणजे घरच्यांनीच भरून ठेवलेल्या बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात. त्यामुळे ग्रामपंचायतीनं गटारी कितीही साफ केल्या तरी घरातला रांजण महिनोन्महिने तसाच राहिला तर डेंग्यूचा धोका कमी होत नाही. आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून घासणं, हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. तो नीट कसा करायचा आणि त्याच्या जोडीला काय करायचं, त्याची ही माहिती.

तालुक्यात डासांना जागा कुठं मिळते?

नेवासा तालुक्याच्या एका अंगानं गोदावरी, गावाला लागून प्रवरा, प्रवरासंगमला दोन्हींचा मेळ आणि पुढं जायकवाडीचा फुगवटा. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचं पाणीही तालुक्यात फिरतं. ऊस आहे, चारा आहे, दुभती जनावरं आहेत. पाणी जवळ असलं तरी नळाला ते रोज येतंच असं नाही. म्हणून घरोघरी साठवण होते. उन्हाळ्यात टँकर किंवा दोन-चार दिवसांआड येणारं पाणी, पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी, कालव्याच्या आवर्तनात चाऱ्यांच्या कडेला होणारा पाझर, असं वर्षभर कुठं ना कुठं पाणी थांबलेलं असतं.

डासाला तेवढंच लागतं. डेंग्यूच्या डासाला तर बाटलीच्या झाकणात मावेल एवढं पाणीही पुरतं. त्यामुळे "आमच्या वस्तीजवळ डबकंच नाही, मग डास येतात कुठून?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा त्याच घराच्या मोरीत, गोठ्यात किंवा छतावर सापडतं. एडिस डास फार लांब उडत नाही. सहसा तो जिथं जन्मला त्याच्या चारशे मीटरच्या आतच फिरतो. घरात दिवसा डास चावत असेल तर त्याची पैदास आपल्याकडं नाहीतर शेजारी होतेय, असं समजायला हरकत नाही.

तीन डास, तीन सवयी

सगळे डास सारखे नसतात. चावते ती फक्त मादी, कारण अंडी तयार करायला तिला रक्तातली प्रथिनं लागतात. नर झाडांच्या रसावर जगतो. आपल्याकडं मुख्यतः तीन जातींशी गाठ पडते.

एडिस : काळा, अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका पसरवतो. दिवसा चावतो, त्यातही सकाळी ऊन वर येईपर्यंत आणि दुपार कलल्यावर जास्त. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. विश्रांती घेतो खुंटीला टांगलेल्या कपड्यांमागं, कॉटखाली, कपाटाच्या कोपऱ्यात.

ॲनाफिलीस : हिवतापाचा म्हणजे मलेरियाचा डास. भिंतीवर बसताना शेपटाची बाजू वर करून तिरका बसतो. रात्री चावतो. विहीर, टाकी, कालव्याच्या कडेचा पाझर, खुरांच्या खड्ड्यात साचलेलं पाणी अशा ठिकाणी वाढतो. ग्रामीण भागातला याचा एक प्रकार गोठ्यात मुक्कामाला असतो.

क्युलेक्स : रात्री कानाशी गुणगुण करून झोप मोडणारा. गटार, सांडपाण्याचं डबकं, शौचालयाची सेप्टिक टाकी ही याची घरं. हत्तीरोग याच्यामुळं पसरतो.

म्हणजे गटार साफ केली तर क्युलेक्स कमी होतो आणि गुणगुण थांबते. पण एडिस तसाच राहतो. "डास कमी झाले, तरी डेंग्यूचा पेशंट कसा निघाला?" याचं कारण हेच.

सात दिवसांचा हिशोब

मादी एका वेळी साधारण शंभर अंडी घालते. एडिसची मादी ती थेट पाण्यावर न घालता भांड्याच्या आतल्या ओल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटवते. पाणी चढलं की अंडी फुटतात, अळी होते, अळीचा कोष होतो आणि कोषातून डास बाहेर येतो. आपल्याकडच्या उबदार हवेत हे सगळं सात ते दहा दिवसांत उरकतं. थंडीत थोडे दिवस जास्त लागतात.

"आठवड्यातून एकदा" हा आकडा इथून आला. दर सात दिवसांनी पाणी ओतलं तर अळीला डास होण्याइतका वेळच मिळत नाही. पंधरा दिवसांनी ओतलं तर एक पिढी उडून गेलेली असते.

यात एक मेख आहे. एडिसची अंडी वाळली तरी मरत नाहीत. कोरड्या भांड्याच्या कडेला ती कित्येक महिने तग धरतात आणि पाणी पडलं की फुटतात. उन्हाळाभर अडगळीत पडलेल्या टिपाडात पहिला पाऊस पडला की आठवड्यात डास होतात, ते यामुळं. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. भांड्याची आतली कड काथ्यानं किंवा ब्रशनं खसाखसा घासायची.

अळी ओळखायची कशी?

रांजणात बॅटरीचा उजेड टाका. अळ्या असतील तर उजेडानं किंवा हालचालीनं त्या वळवळत तळाकडं जातात आणि श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. कोष स्वल्पविरामासारखा वाकलेला दिसतो. समजत नसेल तर तांब्याभर पाणी पांढऱ्या वाटीत घेऊन उजेडात धरा. घरातल्या शाळकरी मुलांना एकदा दाखवलं की ती हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतात.

अळी असलेलं पाणी गटारीत किंवा दुसऱ्या पाण्यात ओतू नका. तिथं ती जगू शकते. कोरड्या मातीवर, उन्हात ओता.

कुठं कुठं पाहायचं?

घरात :
- रांजण, माठ, घंगाळ, टिपाड, सिमेंटची टाकी, मोरीतला हौद
- छतावरची टाकी : झाकण बसतं का, तडा गेलाय का, ओव्हरफ्लोचा पाइप उघडा आहे का
- कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लँटची बाटली, कुंडीखालची ताटली
- वापरात नसलेल्या शौचालयाचं भांडं आणि फ्लशची टाकी
- सेप्टिक टाकीचा व्हेंट पाइप आणि झाकणाच्या फटी

गोठ्यात आणि अंगणात :
- जनावरांचा पाण्याचा हौद, कोंबड्यांचं पाण्याचं भांडं, कुत्र्याची परात
- फुटकी बादली, करवंट्या, रंगाचे डबे, मोडकी खेळणी
- पत्र्याची पन्हळ, जिथं पाला अडकून पाणी थांबतं
- कडब्याच्या गंजीवर, कांदाचाळीवर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्या
- मुरघासावर दाब म्हणून ठेवलेले जुने टायर

टायरकडं विशेष लक्ष हवं. टायर कसाही ठेवला तरी त्याच्या पोटात पाणी राहतंच, ते सावलीत असतं म्हणून लवकर आटत नाही आणि एडिसला अशीच अंधारी जागा लागते. मुरघासाला वजन हवंच असेल तर वाळूच्या किंवा मातीच्या पिशव्या ठेवा. टायरच वापरायचे असतील तर त्यांना दोन्ही बाजूंनी मोठी भोकं पाडा, म्हणजे पाणी निथळून जाईल.

शेतात आणि वस्तीवर :
- ठिबकच्या फिल्टरजवळचा खड्डा, पाणीपुरवठ्याच्या व्हॉल्व्हचे खड्डे
- बांधकामावर पाणी मारायला भरलेलं टाकं. घरकुलाचं काम रेंगाळलं की हे टाकं महिनोन्महिने भरलेलं राहतं
- फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे
- वापरात नसलेली विहीर, शेततळं

कोरडा दिवस कसा पाळायचा?

आरोग्य विभाग ज्याला "कोरडा दिवस" म्हणतो तो आठवड्यातला कोणताही एक ठरलेला वार. तो लक्षात राहावा म्हणून गावच्या आठवडी बाजाराचा वार धरावा, असं सोपं गणित आहे. बाजार चुकत नाही, तसा कोरडा दिवसही चुकणार नाही.

त्या दिवशी करायचं ते असं :

१. साठवणीचं पाणी आदल्या दिवसापासून वापरून कमी करत आणा.
२. उरलेलं पाणी अंगणातल्या झाडांना घाला किंवा कोरड्या मातीवर ओता.
३. भांड्याची आतली कड आणि तळ राखेनं किंवा ब्रशनं घासा.
४. भांडं उपडं करून उन्हात वाळवा. मोठं टाकं असेल तर घासून पुसून कोरडं करा.
५. पुन्हा भरल्यावर घट्ट झाकण लावा. झाकण नसेल तर जाड सुती कापड दुहेरी करून दोरीनं बांधा. नुसतं ताट ठेवलं तर फटीतून डास आत जातो.

टंचाईच्या दिवसांत "पाणी ओता" म्हटलं की कुणालाही राग येईल आणि तो बरोबरच आहे. अशा वेळी पाणी फेकायची गरज नाही. ते जाड कापडातून गाळून दुसऱ्या घासलेल्या भांड्यात घ्या. अळ्या कापडावर राहतील, ते कापड उन्हात झटकून टाका. रिकामं झालेलं भांडं घासून वाळवा आणि तेच पाणी परत भरा. एकही हंडा वाया जात नाही. म्हणजे घरात एक भांडं जास्तीचं हवं, एवढंच.

एका घरानं कोरडा दिवस पाळून उपयोग अर्धाच. एडिस शेजारच्या घरातून येतो. गल्लीतल्या किंवा वस्तीवरच्या सगळ्या घरांनी एकच वार धरला तर महिनाभरात फरक जाणवतो.

ओतता येत नाही तिथं गप्पी मासे

जनावरांचा मोठा हौद, शेततळं, पडकी विहीर, मंदिराचा आड, इथलं पाणी दर आठवड्याला काढणं शक्य नाही. तिथं गप्पी मासे सोडावेत. हा बोटाच्या पेरापेक्षा फार मोठा न होणारा मासा अळ्या खातो. तो अंडी न घालता पिल्लं देतो, त्यामुळं थोडे सोडले तरी संख्या वाढत जाते. अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात गप्पी मासे पैदास केंद्र असतं. आरोग्यसेवकाकडं किंवा आशाताईंकडं विचारावं.

मासे सोडताना तीन गोष्टी सांभाळा. पिशवीतून आणलेले मासे लगेच ओतू नका. पिशवी पंधरा-वीस मिनिटं त्या पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे पाण्याच्या तापमानाची त्यांना सवय होते. ज्या पाण्यात टीसीएल पावडर टाकली जाते तिथं मासे जगत नाहीत, म्हणून पिण्याच्या टाकीला झाकणच बरं. आणि गप्पी मासे प्रवरेत, ओढ्यात किंवा तलावात सोडू नका. हा मासा मूळचा आपल्याकडचा नाही. नदीत गेला तर तिथल्या देशी माशांना त्रास होतो.

सेप्टिक टाकीच्या व्हेंट पाइपला बारीक जाळी बांधा. वीस-तीस रुपयांचं काम आहे, पण रात्रीच्या डासांची मोठी वाट बंद होते. जाळी दरवर्षी तपासा, उन्हानं ती कुजते.

आरोग्य कर्मचारी सर्वेक्षणाला आले आणि त्यांनी साठवणीच्या पाण्यात अळीनाशक टाकलं तर घाबरून ते पाणी लगेच ओतू नका. प्रमाण ठरलेलं असतं. शंका असेल तर त्यांनाच विचारा. मात्र अळीनाशक स्वतः दुकानातून आणून अंदाजानं टाकायचं नाही.

सांडपाणी : नांदेडच्या गावांनी काय केलं?

क्युलेक्सचा बंदोबस्त करायचा तर मोरीचं पाणी उघड्यावर थांबता कामा नये. यात महाराष्ट्रातलं सर्वांत माहितीचं उदाहरण नांदेड जिल्ह्यातलं आहे. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे घेतले. उघड्या गटारीतलं पाणी गेलं, तसे डासही गेले. पुढं जिल्हा परिषदेनं तो प्रयोग जिल्ह्यातल्या इतर गावांत नेला आणि "नांदेड पॅटर्न" हे नाव पडलं.

रचना अवघड नाही. साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा घ्यायचा. मधोमध वरच्या बाजूला भोकं असलेली सिमेंटची टाकी बसवायची. टाकीच्या चहूबाजूंनी दगड, खडी भरायची. मोरीचा पाइप टाकीत सोडायचा आणि वरून झाकायचं. गाळ टाकीत खाली बसतो, वरचं पाणी भोकांतून खडीत आणि तिथून जमिनीत मुरतं.

नेवासा तालुक्यात हे करताना जमीन पाहावी लागेल. मुरमाड जागेत पाणी पटकन मुरतं, पण कालव्याच्या भागातल्या भारी काळ्या जमिनीत ते सावकाश मुरतं. तिथं खड्डा मोठा घ्यावा किंवा सांडपाणी परसबागेकडं वळवावं. केळी, अळू, कर्दळ हे पाणी पितात. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून आणि बोअरपासून लांबच हवा. टाकीतला गाळ अधूनमधून काढला नाही तर दोन-तीन वर्षांत खड्डा तुंबतो, अशा तक्रारी येतात त्या बहुतेक याच कारणानं. शोषखड्ड्याची कामं रोजगार हमी योजनेत आणि स्वच्छ भारत अभियानात बसतात. ग्रामसेवकांकडं चौकशी करावी.

धूर, कॉइल आणि शेतीचं औषध

धूरफवारणी निरुपयोगी नाही. एखाद्या घरात डेंग्यूचा रुग्ण सापडला तर आसपासच्या घरांतले विषाणू घेऊन फिरणारे डास तातडीनं मारायला ती लागते. त्या वेळी दारं-खिडक्या लावून घेतल्या तर उपयोग शून्य. अन्न-पाणी झाकायचं, लहान मुलं आणि दम्याचा पेशंट बाहेर न्यायचे आणि दारं उघडी ठेवायची. पण त्याच दिवशी पाण्याची भांडी रिकामी झाली नाहीत तर आठवड्यात नवे डास तयार होतात.

कॉइल बंद खोलीत रात्रभर जाळणं वाईट. चीन आणि मलेशियातल्या कॉइलवर झालेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके भरले. तान्हं बाळ ज्या खोलीत झोपतं तिथं कॉइल नकोच. कडुलिंबाच्या पाल्याचा किंवा गोवऱ्यांचा धूर गोठ्यात केला तर डास तेवढ्यापुरते दूर जातात, मरत नाहीत. घरात कोंडलेला धूर मग तो कसलाही असो, छातीला वाईटच.

बाजारात डास मारणाऱ्या स्वस्त अगरबत्त्या मिळतात. त्यांच्या पाकिटावर सीआयआर नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. नसेल तर त्यात कुठलं रसायन किती घातलंय याचा पत्ता नसतो.

सर्वांत धोक्याची सवय म्हणजे कपाशीवर किंवा भाजीवर मारायचं कीटकनाशक पंपात घालून घरात, गोठ्यात मारणं. काही जण ते हौदातही टाकतात. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये शेतात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांचा जीव गेला. तेच विष चार भिंतींच्या आत, जिथं लेकरं रांगतात तिथं मारणं म्हणजे डासापेक्षा मोठं संकट घरात आणणं. आणि हौदात टाकलेलं विष थेट जनावरांच्या पोटात आणि दुधात जाऊ शकतं.

मच्छरदाणी जुनी असली तरी आजही सर्वांत भरवशाची. रात्री हिवतापाच्या डासापासून ती वाचवते. दिवसा झोपणारं बाळ, बाळंतीण आणि म्हातारी माणसं यांनी दुपारीही ती लावावी, कारण एडिस दिवसाचा डास आहे. खिडक्यांना जाळी लावा. शनिशिंगणापुरात घराला दार न लावण्याची परंपरा आहे, तिथं चौकटीला जाळीचा पडदा खाली वजन लावून सोडता येतो. उसाला पाणी द्यायला किंवा दूध काढायला पहाटे-संध्याकाळी जाताना अंगभर कपडे घाला.

कोप्यांकडं कोण बघणार?

दिवाळीच्या आसपास सोनईचा मुळा कारखाना आणि भेंड्याचा ज्ञानेश्वर कारखाना यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. बीडसह इतर जिल्ह्यांतून आलेली ही कुटुंबं पाच-सहा महिने पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या आडोशाला राहतात. दारं नाहीत, जाळी नाही, पाणी उघड्या टिपाडात. लहान मुलं दिवसभर कोपीवरच. ताप आला तरी मजुरी बुडेल म्हणून दवाखाना टळतो.

इथं मोठ्या योजनेची वाट पाहायला नको. कोपी पडते त्याच आठवड्यात टिपाडाला झाकण, कुटुंबामागं एक मच्छरदाणी आणि तळाच्या कडेनं पाणी वाहून जायला चर, एवढं मुकादम, कारखाना आणि ग्रामपंचायत मिळून करू शकतात. आशाताईंच्या सर्वेक्षणात कोप्यांची नोंद झाली पाहिजे. डास कोपी आणि बंगला यांत फरक करत नाही. कोपीवर साथ सुरू झाली तर ती गावात यायला वेळ लागत नाही.

ही फक्त शहरातली दुखणी नाहीत

डेंग्यू, चिकुनगुनिया म्हणजे पुण्या-मुंबईचे आजार, असा समज अजून आहे. चिकुनगुनियाची मोठी साथ १९७३ मध्ये आली ती सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. पुढं तीन दशकं हा आजार जणू गायब होता. २००५-०६ मध्ये तो परतला तेव्हा राज्यातल्या खेड्यापाड्यांत माणसं सांधे धरून खाटेवर पडली. राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण ३१ जुलै २०२१ रोजी समोर आला, तोही पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातल्या बेलसर या गावात. गावात तापाचे रुग्ण वाढले म्हणून नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडं गेले आणि निदान झालं. गावानं ताप अंगावर काढला असता तर ते कळलंही नसतं.

ताप आला तर

अचानक जोराचा ताप, कपाळ आणि डोळ्यांच्या मागं दुखणं, अंग मोडून येणं, अंगावर पुरळ ही डेंग्यूची लक्षणं. चिकुनगुनियात सांधे फार धरतात. थंडी वाजून ताप येणं, घाम येऊन उतरणं आणि पुन्हा येणं हे हिवतापाचं लक्षण. नुसत्या लक्षणांवरून खात्री होत नाही, रक्त तपासावं लागतं. हिवतापाची तपासणी आणि उपचार सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहेत. डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ आणि त्यानंतर आयजीएम ही तपासणी होते.

- तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा "अंगदुखीचं इंजेक्शन" टाळा. डेंग्यूत त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो.
- पाणी, ताक, पेज, ओआरएस सारखं देत राहा.
- रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत त्याला चावलेला एडिस विषाणू घेतो. तो डास आठ ते बारा दिवसांनी घरातल्या दुसऱ्याला आजार देऊ शकतो आणि मरेपर्यंत देत राहतो.
- पपईच्या पानांचा रस किंवा इतर घरगुती उपायांवर विसंबून दवाखाना लांबवू नका.

ताप उतरला म्हणजे सुटलो, असं डेंग्यूत नसतं. खरा धोका ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी असतो. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, काळी शी, धाप, हातपाय गार पडणं, लेकरू मलूल होणं यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका. १०८ ला फोन करा आणि नेवाशाचं ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचा मोठा दवाखाना गाठा. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही, उलट दुसऱ्या प्रकाराची लागण जास्त त्रासदायक ठरू शकते.

ग्रामपंचायतीकडं काय मागायचं?

धुराच्या गाडीची मागणी जरूर करा, पण तिच्या आधी या मागण्या ठेवा : आठवड्याचा कोरडा दिवस ठरवून दवंडी किंवा भोंग्यावरून त्याची आठवण. नळाचं पाणी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, म्हणजे लोक गरजेपेक्षा जास्त साठवणार नाहीत. गळक्या व्हॉल्व्हची दुरुस्ती. गावच्या पाण्याच्या टाकीला झाकण. शाळा, अंगणवाडी आणि मंदिराच्या आवारातल्या टाक्यांची तपासणी. भंगारवाल्यांच्या टायरांवर आच्छादन. एकाच गल्लीत तापाचे दोन-तीन रुग्ण दिसले तर त्याच दिवशी आरोग्यसेवकाला निरोप.

जून महिना हिवताप प्रतिरोध महिना आणि जुलै डेंग्यू प्रतिरोध महिना म्हणून पाळला जातो. तेव्हा आरोग्य कर्मचारी घरोघरी भांडी तपासायला येतात. त्यांना दारातूनच "आमच्याकडं काही नाही" म्हणून परत पाठवू नका. त्यांना मोरीपर्यंत आणि गोठ्यापर्यंत नेऊन भांडी दाखवा.